स्वे बार नऊ महिने वापरल्यावर: आधी वजन, मग बार

महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर धरून इंदूरहून अकरा खेपा झाल्यावर हे लिहितोय. स्वे बार म्हणजे गाडीमागच्या ट्रेलरचं डुलणं आवरणारी पट्टी. ती बसवल्या दिवशी लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. आज चार देतो.

आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, एका एक्सलचा, लोहामंडीकडच्या फॅब्रिकेटरकडून बांधून घेतलेला. ओढायला स्कॉर्पिओ. पहिलीच खेप महेश्वरची. मानपूरच्या अलीकडे मागून एक स्लीपर बस भरधाव आली. ती शेजारी येताच तिच्या तोंडापुढच्या हवेनं ट्रेलरचं मागचं अंग बाहेर ढकललं, बस पुढे सरकली तसं तेच अंग आत खेचलं गेलं, आणि मग ट्रेलर थांबेचना. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. काटा ऐंशीवर. मी घाबरून ब्रेक दाबला, तर डुलणं आणखी वाढलं. मग पाय उचलला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं. वेग साठच्या खाली आला तेव्हा कुठे मागची ओढाताण निवली. मागच्या सीटवर आईची रामरक्षा सुरू होती आणि माझे हात धामनोदपर्यंत थरथरत होते.

त्याच आठवड्यात घर्षणावर चालणारा स्वे बार मागवला. प्रकार साधा आहे. एक पोलादी पट्टी दोन घर्षण-पॅडांच्या मधून मागेपुढे सरकते. तिचं एक टोक गाडीच्या हिचला (ट्रेलर जोडायच्या मागच्या आकड्याला), दुसरं ट्रेलरच्या पुढच्या दांडीला, दोन्हीकडे छोटे बॉल. ट्रेलर बाजूला वळू लागला की पट्टीला सरकावं लागतं आणि पॅड तिला अडवतात. ट्रेलर ज्यावर अडकतो त्या हिचच्या मोठ्या बॉलच्या मध्यापासून ट्रेलरवरचा छोटा बॉल २४ इंचांवर हवा. आमच्या वेल्डरनं डोळ्यांनी अंदाज घेऊन तो बसवला होता, दीड इंच चुकला, पुन्हा काढून लावावा लागला. विकणाऱ्यानं सोबत धड माहितीपत्रकसुद्धा दिलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

बार लावून देवासकडे गेलो. बस-ट्रकचे झपाटे आता बरेच कमी जाणवत होते, मी खूश. पण पवनचक्क्यांच्या टेकड्यांजवळ आडवा वारा सुटला आणि सत्तरलाच शेपूट पुन्हा हलायला लागलं. घरी आल्यावर बाबांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, दांडी हातानं उचलून पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही गाडी उलाळ आहे. बैलगाडीत असं भरलं असतं तर जू बैलांच्या मानेवरून वर गेलं असतं."

मागे भार जास्त झाला की ट्रेलर डुलतो, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पाण्याची शंभर लिटरची टाकी एक्सलच्या मागे, म्हणजे भरली की तिथेच शंभर किलो. वर मागच्या स्टँडला दोन सायकली. देवास नाक्यावरच्या धर्मकाट्यावर भरलेला ट्रेलर ९८० किलो भरला. हिचवरचा भार मोजायला तीन फुटांची फळी घेतली, एक टोक विटेवर, दुसरं बाथरूमच्या वजनकाट्यावर, आणि विटेच्या बाजूनं एक फुटावर ट्रेलरची दांडी टेकवली. काट्यावर येईल त्याची तिप्पट करायची. काटा दाखवत होता १७. म्हणजे ५१ किलो, जेमतेम पाच टक्के. अशा ट्रेलरला दहा ते पंधरा टक्के धरतात.

टाकी एक्सलच्या पुढे घेतली, सायकली गाडीच्या टपावर. आता काटा ४१ दाखवतो, म्हणजे १२३ किलो. टायरची हवाही कमी होती, तीही नीट केली. मग मुद्दाम बार काढून ठेवून बायपासवर साठ-पासष्टनं एक फेरी मारली. ट्रेलर सरळ आला, ट्रक शेजारून गेल्यावर एकदा हलला आणि आपोआप शांत झाला. माझा एक तारा इथेच कापला गेला. बारनं भरणीतला दोष नाहीसा केला नव्हता, झाकून ठेवला होता, आणि मी त्या भरवशावर आईला घेऊन घाट उतरणार होतो. भार नीट झाल्यावर मात्र बार खरंच कामाचा आहे. वाऱ्याच्या दिवशी स्टिअरिंग सारखं सावरावं लागत नाही, खांदे दुखत नाहीत.

आता रोजच्या वापरातलं. गाडी रिव्हर्सला घेण्याआधी बार काढायचाच, नाहीतर वळताना पट्टी वाकते. पावसात किंवा खडीच्या रस्त्यावर पॅड आवळायचं हँडल सैल करून ताण सोडायचा, कारण निसरड्यावर हाच बार गाडीला वळू देत नाही. जुलैत मांडूला जाताना आम्ही तो घरीच ठेवला आणि पन्नासच्या वर गेलो नाही. पट्टीला ग्रीस कधीच नाही. माझ्या भाच्यानं प्रेमानं तेल लावलं होतं, त्या दिवशी बार असून नसल्यासारखा होता. पॅड सॅंडपेपरनं घासून काढल्यावर पकड परत आली. हळू चालताना तो करकरतो, त्याला घाबरू नका.

ज्यांच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत त्यांनी डुलणं सुरू झालं की गाडीचा ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचा ब्रेक हलका लावावा, तो मागून ताणून धरतो. आमच्याकडे ती सोय नाही. पुढची दुरुस्ती तीच, दिवाळीआधी करून घेणार आहे. तोवर भरून झालं की फळी, वीट आणि काटा काढतो, आकडा बाबांना दाखवतो आणि मगच निघतो.