पासथ्रूचं 'लायसन्स' घेतलं आणि माझाच मामा झाला

लिहायला लाज वाटतेय, कारण पीसीतलं थोडंफार कळतं असा माझा समज होता. (पासथ्रू म्हणजे फाइलमधला आवाज पीसीने न उलगडता तसाच पुढे पाठवणं, सविस्तर खाली येतंच.) टीव्हीखालचा पीसी मी स्वतः जोडलेला, विंडोज टाकलेलं, वर चित्रपट लावायचं कोडी हे सॉफ्टवेअर, सगळ्या डिस्क रिप करून, म्हणजे फाइलमध्ये उतरवून ठेवलेल्या. तरी एका माणसाने माझ्याकडे तीनदा पैसे मागितले आणि मी तिन्ही वेळा मुकाट्याने दिले.

त्रास असा होता. डीव्हीडीवाल्या जुन्या फाइल्स लावल्या की रिसिव्हरवर, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरवर, 'डॉल्बी डिजिटल' यायचं, मागचे स्पीकर वाजायचे, सगळं छान. ब्लू-रेवाली फाइल लावली, ज्यात ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे वरच्या दर्जाचे सराउंड फॉरमॅट आहेत, की नुसतं स्टिरिओ. कोडीत जाऊन ट्रूएचडीच्या पासथ्रूला टिक केली तर आवाजच गायब, टिक काढली की परत दोनच स्पीकर. आठवडाभर रात्री जागून सेटिंग खालीवर केलं, घरचे वैतागले, आणि मग एक जाहिरात दिसली, होम थिएटर पीसीचं सराउंड घरबसल्या ऑनलाइन दुरुस्त करून देतो म्हणून. म्हणलं विचारून तर बघू.

माणूस बोलायला अगदी गोड होता. कनेक्शन कसं केलंय हे एका शब्दाने विचारलं नाही (इथेच कान उभे राहायला हवे होते), सरळ स्क्रीन ताब्यात घ्यायचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, काळी खिडकी उघडली, त्यात भराभर ओळी पळवल्या आणि म्हणाला, "सर, तुमच्या विंडोजमध्ये पासथ्रू लॉक आहे, एचडी ऑडिओचं लायसन्स घ्यावं लागेल." मी घेतलं. मग म्हणाला आता रिसिव्हरचा रिमोट घ्या, सराउंड मोडचं बटण मी सांगेपर्यंत दाबत रहा. मी दाबत राहिलो आणि एका क्षणी पाचही स्पीकर एकदम धडाडून वाजायला लागले. मी खूश! त्याला चार वेळा थँक्यू म्हणलो.

त्याने काय केलं होतं ते आता सांगतो, कारण सगळी टोपी तिथेच घातली गेली. बटण दाबत दाबत त्याने मला 'मल्टी चॅनल स्टिरिओ' मोडवर आणून सोडलं. म्हणजे येतंय तेच दोन चॅनलचं, फक्त रिसिव्हर तेच सगळ्या स्पीकरांना वाटून देतोय. लग्नाच्या मांडवात चार कर्णे लावले तर त्याला कोणी सराउंड म्हणत नाही, पण मी म्हणलं.

आणि लायसन्सचं तर काय सांगायचं. पासथ्रू म्हणजे पीसीने आवाजाला हातच लावायचा नाही. फाइलमधलं बंद पाकीट जसंच्या तसं रिसिव्हरकडे द्यायचं, फोडायचं काम रिसिव्हरचं. डॉल्बी, डीटीएसच्या लायसन्सचे पैसे रिसिव्हर बनवणाऱ्याने भरलेले असतात, ते आपण रिसिव्हर घेतानाच त्याच्या किमतीत दिलेले असतात. पाकीट न फोडणाऱ्या पोस्टमनला वाचायचा परवाना कशाला लागेल? एवढी साधी गोष्ट त्या वेळी डोक्यात आली नाही, कारण आवाज येत नसला की माणूस आवाजापुरताच विचार करतो.

काही आठवड्यांनी ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट झाला आणि आवाज पूर्ण बंद. हे कोणाच्याही पीसीवर होतं, अपडेटनंतर डिफॉल्ट ऑडिओ डिव्हाइस बदलतं किंवा सेटिंग पहिल्यासारखं होतं, दोन मिनिटांचं काम. पण मला वाटलं लायसन्स गेलं, आणि त्याला विचारलं तर तोही म्हणाला हो सर, सिस्टिम बदलली की लायसन्स रिन्यू करावं लागतं. झाले दुसऱ्यांदा पैसे.

तिसऱ्यांदा मीच आपणहून जाळ्यात गेलो. विचारलं की रिसिव्हरवर ट्रूएचडी असं नाव का येत नाही, तर म्हणाला तुमचा रिसिव्हर जुना, त्याला 'अ‍ॅटमॉस डिकोडर' (अ‍ॅटमॉस म्हणजे डॉल्बीचा छतावरच्या स्पीकरांतूनही आवाज देणारा प्रकार) लावावा लागेल, आणि एक डबी पाठवली. सोबत सोन्याचा मुलामा दिलेली 'पासथ्रू केबल' पण गळ्यात मारत होता, ती तेवढी घेतली नाही, तेवढी अक्कल कशी शिल्लक होती देव जाणे. डबीला एक एचडीएमआय इन, एक एचडीएमआय आउट, एक ऑप्टिकल आउट (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या वायरीचं) आणि तीन खुणांचं छोटं बटण. ही साधी एचडीएमआयमधून ऑडिओ वेगळा काढायची डबी आहे, तिच्या जागी ठीकच आहे, काहींना खरंच लागते. पण डिकोडर-बिकोडर काही नाही, आणि तीच डबी दुसऱ्या नावाने किती स्वस्त मिळते हे नंतर पाहिलं तेव्हा जेवण गेलं नाही.

ऑप्टिकलमधून ट्रूएचडी जाऊच शकत नाही, कोणाच्या बापाला जमणार नाही. त्या वायरीतून मुळात दोन चॅनलचा पीसीएम, म्हणजे उलगडलेला साधा डिजिटल आवाज, जातो, ४८ किलोहर्ट्झ १६ बिटचा हिशोब केला तर सेकंदाला दीड मेगाबिटच्या आसपास, आणि डॉल्बी किंवा डीटीएसचा बिटस्ट्रीम (तेच न फोडलेलं पाकीट) त्याच स्टिरिओचा वेश घालून पलीकडे जातो. डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त ६४० केबीपीएस, आरामात बसतं. डीटीएस १५०९ केबीपीएसपर्यंत, कसंबसं बसतं. ट्रूएचडी जाऊ शकतं १८ एमबीपीएसपर्यंत, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ त्याच्याही वर २४.५ पर्यंत. गल्लीतून ट्रक न्यायचा प्रकार. हे दोन्ही बिटस्ट्रीम म्हणून न्यायची सोय एचडीएमआय १.३ मध्ये आली, २००६ साली, म्हणजे माझ्या 'जुन्या' रिसिव्हरमध्ये ती सोय पहिल्यापासून होती! आणि ब्लू-रेवरचा अ‍ॅटमॉस बहुतेक वेळा ट्रूएचडीच्याच आत बसलेला असतो, त्यामुळे ट्रूएचडी नाही तर तोही नाही. त्यात माझे स्पीकर पाच आणि एक सबवूफर, छतावर एकही नाही, मी अ‍ॅटमॉस घेऊन करणार काय होतो हा प्रश्न वेगळा.

भांडं फोडलं भाच्याने. सुट्टीत आला होता, मी ऐटीत त्याला चॅनल तपासायची टेस्ट फाइल लावून दाखवली, ज्यात एक आवाज पुढचा डावा, मधला, मागचा उजवा अशी एकेक स्पीकरची नावं घेतो. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "मामा, हा मागचा डावा म्हणतोय पण समोरून पण बोलतोय." परत लावली. खरंच, प्रत्येक नाव पुढून पण आणि मागून पण. इतके दिवस मी चित्रपट बघत होतो, कौतुक करत होतो, आणि ही एक टेस्ट कधी लावली नव्हती. मामा तर मी होतोच, तेव्हा डबल झालो.

त्या रात्री बसून मूळ कारण शोधलं तर ते इतकं साधं निघालं की हसू की रडू कळेना. माझी केबल पीसीतून टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकलने रिसिव्हरला, जुन्या काळापासून तशीच पडलेली. एचडीएमआय जोडलं की समोरचं यंत्र पीसीला आपली यादी देतं, मला अमुक अमुक फॉरमॅट कळतात, तिला ईडीआयडी म्हणतात. माझ्या पीसीला यादी मिळत होती टीव्हीची, आणि टीव्हीच्या यादीत ट्रूएचडी नव्हतंच. विंडोजमध्ये साउंड सेटिंगमधून त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलं की 'सपोर्टेड फॉरमॅट्स' असा टॅब मिळतो, तिथे सगळं लिहिलेलं असतं, फुकट. केबल काढून पीसीतून थेट रिसिव्हरला आणि रिसिव्हरमधून टीव्हीला घातली, यादी क्षणात लांबली. कोडीत आउटपुटला वासापीवालं डिव्हाइस निवडलं (वासापी आणि डायरेक्टसाउंड हे विंडोजमधून आवाज बाहेर पाठवायचे दोन मार्ग, डायरेक्टसाउंडवर ठेवलं तर हे एचडी फॉरमॅट जात नाहीत), ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीला टिक केली, तरी स्टिरिओच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर सापडलं की 'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' (चित्राचा वेग स्क्रीनशी जुळवायचं सेटिंग) चालू होतं, ते चालू असलं की कोडी पासथ्रू बंद ठेवतो. ते बंद केलं आणि रिसिव्हरवर पहिल्यांदा 'डॉल्बी ट्रूएचडी' उमटलं. फोटो काढून ठेवलाय.

ज्यांचा रिसिव्हर ४के चित्र टीव्हीकडे जाऊ देत नाही त्यांना केबल अशी फिरवता येणार नाही, त्यांनी ग्राफिक्स कार्डच्या दुसऱ्या एचडीएमआयमधून फक्त आवाजासाठी रिसिव्हरला वेगळी वायर न्यावी, किंवा टीव्ही आणि रिसिव्हर दोघांत ईआर्क (टीव्हीकडून रिसिव्हरकडे एचडीएमआयनेच आवाज परत नेणारी आर्क या सोयीची सुधारित आवृत्ती) असेल तर ते वापरावं. साध्या आर्कवर ट्रूएचडीची आशा धरू नका, आणि काही टीव्ही तर डीटीएसही पुढे जाऊ देत नाहीत.

कोणी पैसे घेऊन तुमचं पासथ्रू 'चालू करून' दिलं असेल तर त्याला जाऊ देण्याआधी कोडीचा आवाज कमी करून बघा. खरा बिटस्ट्रीम जात असेल तर आवाज कमी होत नाही, कारण पाकीट बंद आहे, कमी करायचा तो रिसिव्हरवरून. इथे आवाज खाली आला की समजा पीसी पाकीट फोडतोय. आणि रिसिव्हरच्या तोंडावरचं नाव वाचा. पीसीएम, स्टिरिओ किंवा मल्टी चॅनल स्टिरिओ लिहिलं असेल तर खोलीत कितीही धडाम होऊ दे, काम झालेलं नाही.

पैशांचं म्हणाल तर मिळाले नाहीत. बँकेत विचारलं, ते म्हणाले व्यवहार तुम्ही स्वतः केलाय आणि समोरच्याने 'सेवा' दिल्याची पावती आहे. डबी परत घ्यायची मुदत संपलेली. पण त्याहून जास्त घाम फुटला तो वेगळ्या गोष्टीने, स्क्रीन ताब्यात घ्यायचं ते सॉफ्टवेअर पीसी चालू झाला की आपोआप चालू होत होतं आणि त्यात त्याने स्वतःचा कायमचा पासवर्ड घालून ठेवला होता, म्हणजे मी नसतानाही तो आत येऊ शकत होता. त्याच पीसीवरून मी मेल बघायचो. सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले, विंडोज पुसून नव्याने टाकलं, तेव्हा कुठे झोप लागली.

आता सगळं नीट आहे, फक्त फाइल सुरू झाली की पहिला अर्धा सेकंद आवाज खातो, रिसिव्हरला फॉरमॅट ओळखायला तेवढा वेळ लागतो म्हणून, कोडीत ऑडिओ डिव्हाइस जागं ठेवायचं सेटिंग आहे ते करून बघतोय. आणि काल त्याचा मेसेज आलाय, सर तुमचं लायसन्स संपत आलंय, या महिन्यात रिन्यू केलं तर सवलत. ब्लॉक केलं नाही अजून, तक्रारीला जोडायचाय.