रफू करावं की ठिगळ लावावं?

कपडा फाटला की दोन वाटा असतात. रफू असं करायचं की डोळ्याला कळू नये, नाहीतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं ठिगळ उघड लावायचं. दोन्ही चांगल्या, पण प्रत्येक फाटीला नाहीत.

रफूत त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढून फाटीवर उभी-आडवी वीण पुन्हा भरतात. लोकरी सूटिंगवर हे झकास जमतं, कारण कापडाची लव टाके झाकते. कसरीनं पाडलेलं भोक, ठिणगीनं जळालेला ठिपका, खिळ्याला अडकून पडलेली खोंच, इथे रफूच. सॅटिनवर मात्र सुईची भोकंसुद्धा दिसतात. विटलेल्या सुती शर्टावर आतला न विटलेला धागा गडद उठतो. अर्धवट लपलेली दुरुस्ती उघड ठिगळापेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

जीन्स मांडीला विरली असेल तर रफूच्या नादी लागू नका. भोकाभोवतीचं कापडही गेलेलं असतं; टाका ओढला की शेजारी नवं भोक. ठिगळाचं कापड आधी धुऊन आटवून घ्या, कोपरे गोल कापा, आतून लावा आणि धड कापडापर्यंत न्या. वरून धावदोऱ्याच्या ओळी घाला. जपानची साशिको तीच: निळीत रंगवलेल्या कापडावर पांढरा धावदोरा. तिथल्या गरीब शेतकऱ्यांचे ठिगळांवर ठिगळं चढलेले 'बोरो' कपडे एकेकाळी लाजेचे होते, आज संग्रहालयात टांगलेले आहेत. १९४३ साली ब्रिटिश सरकारनं कपडे दुरुस्तीची पुस्तिका काढली, तीही हौसेपोटी नव्हे. कपडे रेशनवर होते म्हणून. आता तेच ठिगळ मिरवलं जातं. अर्थात सगळ्यांना ते मिरवता येत नाही. ज्याच्या कपाटात दुसरी पँट आहे त्याचं ठिगळ आवड ठरतं, ज्याच्याकडे नाही त्याचं अजूनही गरिबीच. कामाच्या ठिकाणी कोण बघणार आहे, हेही निवडताना धरा.

स्वेटरची घरं नुसती सुटली असतील तर क्रोशाच्या सुईनं उचला. तिथे दोन्हींची गरज नाही.

रफू कसबाचं काम आहे, महागाचा कोट रफूगाराकडेच द्या. ठिगळ घरी जमतं, टाके वाकडे पडले तरी टिकतं.

तरीही ठरत नसेल तर कपडा उजेडासमोर धरा. भोकाभोवती कापड दाट दिसलं तर रफू, चाळणीसारखा उजेड झिरपला तर ठिगळ.