‘मायक्रोवेव्ह सेफ’ डब्यांचा सेट, तीन महिने वापरून (५ पैकी अडीच)

सेलमध्ये ६४९ ला पाच डब्यांचा सेट घेतला. आधी चांगलं सांगते, झाकण एकदम टाइट, बॅगेत आडवा पडला तरी आमटीचा थेंब बाहेर नाही. बुडाशी त्रिकोणात ५ आकडा आहे म्हणजे पॉलीप्रोपिलीन जातीचं प्लास्टिक, त्यात बीपीए (हॉर्मोन्समध्ये ढवळाढवळ करतं म्हणतात ते रसायन) वापरत नाहीत, ती भानगड ७ नंबरमधल्या पॉलीकार्बोनेटची, बाळाच्या दुधाच्या बाटल्यांना ते आपल्याकडे २०१५ पासून चालत नाही. म्हणून मी अगदी निर्धास्त.

मग एका सोमवारी रविवारचं उरलेलं मटण नेलं, वर बोटभर तर्री, ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं फिरवलं. घरी येऊन डबा घासतेय तर जिथपर्यंत तर्री होती तिथे नारिंगी रिंगण, आणि नख फिरवलं तर खरखर लागतंय, बारीक बारीक खड्डे पडलेले. दोन दिवस उन्हात ठेवला, हळदीचा रंग उडाला, खड्डे तसेच. पाणी कसं शंभरला उकळून थांबतं, तेल त्याच्या बरंच पुढे जातं, आणि हे प्लास्टिक १६० च्या आसपास वितळायला लागतं, मग तर्रीच्या रेषेवरच का ते कळलं. आता त्या खड्ड्यांतलं प्लास्टिक कुठे गेलं? माझ्याच पोटात, दुसरं कुठे जाणार.

कस्टमर केअरला फोटो टाकला तर उत्तर, ‘मॅम, प्रॉडक्ट मायक्रोवेव्ह सेफ आहे.’ अरे बाबा, तेच तर विचारतेय! सेफ म्हणजे डब्यातून काहीच सुटत नाही असं नसतं, किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत अन्नात उतरलेलं नियमात बसतं. आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये २०२० साली ह्याच प्लास्टिकच्या बाळांच्या बाटल्या तपासल्या होत्या, लिटरला १.६ कोटीपर्यंत कण निघाले, पाणी जितकं गरम तितके जास्त. ते कण शरीरात जाऊन नेमकं काय करतात हे अजून ठरायचंय म्हणे, पण मला मुलांवर प्रयोग करायचा नाहीये.

झाकणावर कुठलाच नंबर नाही हे पण नंतर दिसलं. आणि त्याची ती रबराची रिंग काढून बघा एकदा, आत काळी बुरशी, सुईने काढावी लागते.

कोरडं ठेवायला मात्र मस्त आहेत. तीन डब्यांत पोहे, रवा, साबुदाणा, चौथ्यात कपड्यांचे चिमटे. मी आता ऑफिसला काचेचा नेते, जड आहे पण ठीक. मटणवाल्या डब्याला सासूबाईंनी तापलेल्या सळीने बुडाला भोकं पाडून त्यात ओवा लावलाय.