ई-माउंटन बाईकची मोटर वाचवायची तर: कव्हर, स्किड प्लेट, ग्रीस की उघडून सील?

ई-माउंटन बाईक म्हणजे डोंगरवाटांवरची विजेची सायकल, आणि तिच्या पेडलपाशी बसवलेल्या मोटरच्या आत पाणी गेलंय हे बहुतेकांना कळतं तेव्हा क्रँक (पेडलचे दांडे) फिरवताना खरखर यायला लागलेली असते, म्हणजे बेअरिंगला गंज चढून बरेच दिवस झालेले असतात, आणि मग कव्हर घेऊ का, सील करून घेऊ का अशी धावपळ सुरू होते. खरं तर हे बाईक नवी असतानाच ठरवायला हवं. रस्ते साधारण पाच आहेत. काहीच न लावता फक्त नीट धुणं-पुसणं, बाहेरून निओप्रीनचं (जाड रबरी कापडाचं) कव्हर, खालून स्किड प्लेट (मोटरखालचं संरक्षक झाकण) लावून फटी बुजवणं, क्रँकच्या सीलपाशी (पाणी-धूळ अडवणाऱ्या रबरी कडीपाशी) ग्रीस किंवा संरक्षक रिंग, आणि शेवटचा म्हणजे मोटरच उघडून बेअरिंग-सील बदलणं. माझं मत आधीच सांगतो: वरून येणारं पाणी अडवा, क्रँकपाशी ग्रीस ठेवा, आणि आलेलं पाणी खाली निघून जायची वाट कधीच बुजवू नका. बाकी सगळं तुम्ही कुठे आणि कशी चालवता त्यावर.

आधी तो आयपीचा आकडा, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारे दोन अंक, कारण "मोटर वॉटरप्रूफच असते" असं समजून लोक निर्धास्त होतात. बॉश कंपनीच्या बऱ्याच मोटरवर आयपी 54 असतं. यातला 5 म्हणजे धूळ थोडी आत जाऊ शकते पण काम बिघडेल इतकी नाही, आणि 4 म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेलं पाणी चालेल. उडालेलं, बरं का. पाईपची धार हा दुसऱ्या अंकातल्या 5 आणि 6 चा प्रकार, आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवणं हा 7 चा. त्यातून ही चाचणी स्वच्छ पाण्याने होते, वाळू मिसळलेल्या चिखलाने नाही, आणि दोन वर्षं घासलेल्या सीलवर तर नाहीच. आता ओढा ओलांडताना काय होतं ते बघा, 29 इंची चाकाचा हब (चाकाचा मधला भाग) जमिनीपासून साधारण 37 सेंटीमीटर वर असतो आणि क्रँकचा मध्य 34-35 वर, म्हणजे पाणी हबला लागलं याचा अर्थ क्रँकचा एक्सल आणि त्याची दोन्ही सीलं केव्हाच पाण्याखाली गेलेली आहेत. आयपी 54 चा हिशोब तिथेच संपला.

आणि नुसतं बुडणं हा अर्धाच भाग आहे, खरा घात करते ती गरम मोटर. लांब चढ चढून आलात, मोटर तापलेली आहे, आतली हवाही तापलेली आहे आणि तशीच बाईक गार ओढ्यात घातली. समजा आतली हवा 70 अंशांवरून 20 अंशांवर आली आणि बाहेरची हवा आत यायला वाट नाही, तर आतला दाब साधारण 15 टक्क्यांनी पडतो, आणि हा फरक जवळजवळ दीड मीटर पाण्याच्या दाबाएवढा होतो. म्हणजे पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी सीलला वाटतं आपण दीड मीटर खोल आहोत, आणि मोटर ते पाणी अक्षरशः ओढून घेते. म्हणूनच काही मोटरना हवा ये-जा करायला बारीक पडदा दिलेला असतो, पाण्याचे थेंब अडतात पण हवा जाते, आणि तोच पडदा कुणी टेपने किंवा सिलिकोनने बंद केला की संरक्षण वाढायच्या ऐवजी मोटर सीलांमधून श्वास घ्यायला लागते. चढानंतर बाईक लगेच धुऊ नका असं सांगतात ते याचसाठी, अर्धा तास थांबा, हाताला गार लागू दे, मग पाणी.

पाणी येतं कुठून हे माझं मला उशिरा कळलं. पावसात दोन तास चालवून आल्यावर मोटरखालचं प्लास्टिकचं झाकण काढलं, आत चिखल असा दाबून बसला होता की झाकणाचा साचाच उतरला होता, ओला, गार, आणि खालचं पाणी जायचं भोक पूर्ण बुजलेलं. झिप टायचं टोक घालून ते मोकळं केल्याबरोबर तपकिरी पाण्याची धार लागली, एक वाटीभर तरी असेल, आणि मी विचार करत बसलो की झाकण तर खालून घट्ट होतं, मग हे आलं कुठून. आलं होतं वरून. हेडसेटपाशी (हँडल फिरतं त्या सांध्यापाशी) केबल आत जातात तिथलं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकातली कडी, एका बाजूने उचललं गेलं होतं, तिथून पाणी केबलला धरून डाउनट्यूबमधून (फ्रेमच्या खाली उतरणाऱ्या नळीतून) सरळ मोटरच्या डोक्यावर उतरत होतं. आणि मी आठवडाभर आधी खालच्या फटींना फोम लावत बसलो होतो, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो प्रकार झाला होता. तेव्हापासून कुणी विचारलं की पहिलं काय करू, तर मी केबलच्या भोकांकडे बोट दाखवतो. ग्रोमेट नीट बसवा, सैल असेल तर बदला, कडेने थोडं ग्रीस लावा, चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण पूर्ण दाबून बंद होतंय का बघा. हे सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे आणि बाकी कुठल्याही महागड्या उपायाआधी हेच.

आता एकेक पर्याय. निओप्रीनचं कव्हर बाईक गाडीच्या मागच्या रॅकवर लावून नेताना फार कामाचं आहे, यात मला शंका नाही. पाऊस पडतोय आणि गाडी ताशी 100 ने चाललीय तेव्हा मोटरवर जे पाणी येतं ते शिंतोडे राहत नाहीत, धारच असते ती, तासन्तास, आणि गाडीच्या चाकांनी उडवलेली रस्त्यावरची घाण वेगळी. पण तेच कव्हर चालवतानाही घालून ठेवायचं म्हणाल तर मी नको म्हणेन. मोटर बाहेरच्या कवचातून उष्णता टाकते, त्यावर निओप्रीन म्हणजे स्वेटर घालून चढ चढण्यासारखं, मोटर तापली की स्वतःच ताकद कमी करते. शिवाय कडेने आत गेलेला चिखल तिथेच ओला राहतो, घरी येऊन कव्हर तसंच ठेवलं तर दोन दिवसांनीही आत ओल असते. प्रवासाला घाला, पोचलात की काढा.

स्किड प्लेटचं वेगळं आहे. दगडाच्या मारापासून वाचवायला ती हवीच, पण पाण्यापासून वाचवायला ती नाही, आणि लोक नेमकी हीच गल्लत करतात. प्लेट आणि फ्रेम यांच्यातल्या फटी फोम किंवा टेपने भरल्या की धूळ कमी येते हे खरं, कोरड्या, बारीक धुळीच्या भागात चालवणाऱ्याला याचा फायदा होतो, मीही उन्हाळ्यात पुढच्या बाजूने फोमची पट्टी लावतो कारण पुढच्या चाकाची फेक तिथेच येते. पण पावसाळा लागला की काढतो. खालचं आणि मागचं तर कधीच भरत नाही, कारण आलेलं पाणी जाणार कुठून? फोम स्पंजसारखा पाणी धरून मोटरला चिकटून बसतो, बोल्टच्या आणि कनेक्टरच्या आजूबाजूला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते ती अशीच. एकच पर्याय निवडायचा असेल आणि तुमचा भाग ओला असेल तर फटी बुजवणं यादीतून काढूनच टाका.

क्रँकपाशी ग्रीस आणि रिंग, हा माझ्या मते सगळ्यात जास्त मोल देणारा उपाय. मोटरच्या बाहेरच्या पृष्ठभागावर फिरणारी वस्तू एकच, क्रँकचा एक्सल आणि चेनरिंगचा (पुढच्या दातेरी चाकाचा) भाग, आणि जिथे काहीतरी फिरतं तिथे सील घासतं, जिथे सील घासतं तिथे वाळू बसली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते. बॉशच्या दुसऱ्या पिढीच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स या मोटरमध्ये छोटं चेनरिंग पेडलच्या एका फेऱ्यात अडीच फेरे घ्यायचं, म्हणजे त्या बाजूच्या सीलचं घासणंही त्याच हिशोबात. अशा मोटरना बाहेरून बसवायच्या रिंगा मिळतात, चौथ्या पिढीच्या सीएक्ससाठीही मिळतात, त्या सीलच्या पुढे एक आडोसा तयार करतात आणि मधल्या जागेत ग्रीस भरायचं. ग्रीस साधं नको, पाण्याने धुपणार नाही असं हवं, कॅल्शियम सल्फोनेटचं किंवा बोटींच्या कामाचं. क्रँक काढायची, जुनं काळं ग्रीस कापडाने पुसायचं, स्प्रे मारून नाही कारण पातळ तेलाचे स्प्रे सीलच्या आतलं ग्रीसही धुऊन नेतात आणि मग सील कोरडं पडतं, आणि मग नवीन ग्रीसची एक कड द्यायची. बाहेर आलेलं ग्रीस धूळ पकडून घाण दिसतं, दिसू दे, ती धूळ बाहेर अडकली हेच तर हवं होतं. ओल्या भागात महिन्या-दीड महिन्याने, कोरड्यात तीन-चार महिन्यांनी एकदा. तोटा एवढाच की चेनरिंग काढायला त्या मोटरचं खास टूल लागतं आणि बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोरानेच) आवळावे लागतात, अंदाजाने नाही.

मोटर उघडून सील करणं हा मोठा निर्णय आहे, आणि वॉरंटी चालू असताना मी तो कुणालाही करू देणार नाही, कारण मोटर उघडली की वॉरंटी गेली, आणि कंपनीने बदलून दिली असती ती मोटर तुमच्या गळ्यात पडते. वॉरंटी संपल्यावर मात्र हिशोब बदलतो. चांगला कारागीर मिळाला तर बेअरिंग बदलताना दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या रबरी सीलचं बेअरिंग घालून घ्या, न घासणाऱ्या सीलचं बेअरिंग हलकं फिरतं पण पाणी अडवायला कच्चं, घासणारं थोडं जड फिरतं आणि ओल्या-चिखलात टिकतं. क्रँकच्या वेगाला तो जडपणा पायाला जाणवतही नाही. आणि एक गोष्ट जरूर विचारा, कवचाच्या सांध्याला कुठलं सिलिकोन लावणार. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि आतल्या तांब्याला, सर्किट बोर्डला खातं, त्यामुळे न्यूट्रल प्रकारचंच हवं. ज्याला हा फरक माहीत नाही त्याच्या हातात मोटर देऊ नका.

काहीच न लावणं, फक्त नीट धुणं, हा पर्याय ऐकायला आळशी वाटतो पण कोरड्या भागात आठवड्याला एकदा चालवणाऱ्याला खरंच एवढं पुरतं. बादली, मऊ ब्रश, हलक्या धारेचा पाईप. प्रेशर वॉशर नाही म्हणजे नाही, घरगुती मशीनचाही दाब 100 बारच्या पुढे जातो आणि लांबून मारतो म्हटलं तरी चेनरिंगमागे चिखल दिसला की हात आपोआप जवळ जातोच. बाईक उलटी करून धुऊ नका, सगळी भोकं आणि वाटा ती उभी असताना पाणी खाली जावं अशा केलेल्या असतात, उलटी केली की तेच पाणी मोटरकडून डाउनट्यूबमध्ये वर सरकतं. बॅटरीच्या पिनांना वर्षातून दोनदा टेक्निकल व्हॅसलीनचा पुसटसा हात. समुद्रकिनाऱ्याजवळ चालवत असाल तर मात्र एवढ्यावर थांबू नका, मीठ लागलं की त्याच दिवशी साध्या पाण्याने हलकं धुऊन पुसायचं, उद्यावर टाकायचं नाही.

तर ठरवताना असं बघा. कोरडा, धुळीचा भाग: धुणं, केबलची भोकं, पुढे फोमची पट्टी, बस. पाऊस आणि चिखल: ग्रोमेट, क्रँकला रिंग आणि ग्रीस, खालचं भोक दर राईडनंतर मोकळं, फोम नाही. ओढे रोजचेच असतील तर वरचं सगळं, आणि पाण्यात शिरायच्या आधी पाच-दहा मिनिटं थांबून मोटर निवू देणं, हे थांबणं कुठल्याही सीलपेक्षा जास्त कामी येतं. बाईक गाडीवरून फिरवणाऱ्याने कव्हर घ्यावंच. आणि वॉरंटी संपलेली असेल तर आधी चेन उतरवून क्रँक हाताने हळू फिरवा, दोन्ही क्रँक धरून आडव्या हलवून बघा, खरखर किंवा ढिलाई लागली तर ग्रीस-रिंगच्या पुढे गेलेलं आहे, मोटर उघडायलाच द्या, आणि नाही लागली तर आजच ग्रीस लावून पुढच्या महिन्यात परत हात लावून बघा.