टायमरवाला इलेक्ट्रिक कुकर: लाँग रनवरून आल्यावर गरम पेज हवी असेल तर

आधी हे सांगून टाकते की हा कुकर फास्ट नाहीये. विकताना फास्ट म्हणूनच विकतात, पण आपला गॅसवरचा शिट्टीचा कुकर साधारण १ किलो प्रेशरला चालतो, आत १२० डिग्रीच्या आसपास जातं, आणि हे इलेक्ट्रिकवाले बहुतेक ०.७ च्या आसपास थांबतात, म्हणजे ११५ डिग्री वगैरे, त्यात पाणी तापून प्रेशर यायलाच पंधरा-वीस मिनिटं आणि शेवटी प्रेशर आपोआप उतरायला परत तेवढीच. संध्याकाळी घाईत वरणभात लावायचा तर गॅस कधीही पुढे. तरीही मी हा परत घेईन, आणि ज्यांना पहाटे पळायला जायचंय, येऊन घरचंच खायचंय आणि दहाच्या ठोक्याला ऑफिसात बसायचंय त्यांना तर घ्याच म्हणेन, कारण तुम्ही घरात नसताना हा एकटा शिजवतो. गॅसवर काही ठेवून गावाबाहेर भाट्याच्या पुलापलीकडे पळायला कोणी जाऊ शकत नाही, निदान मी तरी नाही जाणार.

मी रत्नागिरीत राहते, टॅक्सच्या कामाचं ऑफिस आहे, जीएसटी रिटर्नच्या मुदतीमुळे २० तारखेच्या आधीचे दिवस कसे जातात ते ह्या लाईनीतल्यांना माहितीच आहे, आणि जुलै अख्खा इन्कम टॅक्स रिटर्नचा. आणि मुंबई मॅरेथॉन असते जानेवारीत, म्हणजे ४२ किलोमीटरची तयारी सुरू करायची ती नेमकी ह्याच पावसात, ह्याच गर्दीत. घरात नवरा, मुलगा आणि सासूबाई. बाहेरचं खाऊन पळता येतं असं काही जण सांगतात, माझं पोट ते मानत नाही आणि मला स्वतःला घरचं जेवण आवडतं, स्वयंपाक आवडतो, तो सोडून पळायचं असेल तर त्या पळण्यात मला गंमत वाटणार नाही. त्यामुळे माझ्यासाठी प्रश्न एवढाच होता की आठवड्यातल्या पळायच्या सकाळी आणि रविवारची लांब पळायची सकाळ, ह्यात चूल कोण सांभाळणार.

तर मुख्य गोष्ट, पेज. उकड्या तांदळाची. ज्यांनी केलीय त्यांना माहितीये की ह्याला वेळ लागतो, दाणा जाड आणि कडक, तोपात मंद आचेवर पाऊणएक तास तरी, मधे मधे ढवळायचं, उतू जातेय का बघायचं, आटली की परत गरम पाणी. शिट्टीच्या कुकरात लावली तर शिट्टीतून चिकट पाणी उडून गॅस आणि भिंत दोन्ही पुसत बसा. ह्यात मी असं करते: १ वाटी उकडा तांदूळ रात्री धुवून, ६ ते ७ वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तूप (तुपाने फेस कमी येतो), प्रेशरला २५ मिनिटं, आणि टायमर असा लावायचा की पाच-सव्वापाचला सुरू होईल. माझ्या मॉडेलमध्ये टायमर म्हणजे शिजणं किती तासांनी सुरू व्हायचं ते, काहींमध्ये किती वाजता तयार पाहिजे ते लावतात, हे घेताना विचारून घ्या नाहीतर हिशेब चुकतो. रात्रभर तांदूळ पाण्यातच असतो त्यामुळे भिजतो पण छान. आम्ही पाचला बाहेर पडतो, आठपर्यंत परत, तोपर्यंत पेज होऊन, प्रेशर उतरून, गरम राखण्याच्या मोडवर बसलेली असते.

दोन गोष्टी पेजेच्या बाबतीत पाळायच्याच. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, लिहिलेलं असतं दोन तृतीयांश पण ते भाजी-आमटीसाठी, पेज फुगते आणि फेसते. आणि प्रेशर हाताने सोडायचं नाही, वाफेची चावी फिरवली की वाफेबरोबर पेजच बाहेर येते, उकळती. आपोआप उतरू दे. टायमरवर लावली की तसंही तुम्ही घरी नसता, त्यामुळे हे आपसूक होतं.

चव? सासूबाईंचं मत आहे की तोपातली पेज ती तोपातली पेज, आणि त्यात तथ्य आहे, ढवळून ढवळून जो दाटपणा येतो आणि खाली किंचित लागल्याचा जो वास येतो तो ह्यात नाही येत. पण दाणा सगळा सारखा फुटतो, बोटाने दाबला की विरघळतो, आणि थोडं गरम पाणी घालून डावाने चार वेळा फिरवली की बरोबर जमते. त्या स्वतः त्यांच्यासाठी मऊ भात ह्यातच लावतात आता, जुना तांदूळ, वरून मेतकूट तूप. शनिवारी मी घरी असते तेव्हा पेज तोपातच होते आणि ती त्या करतात, ते तसंच चालू राहू दे असं मला वाटतं.

आता पेजच का, बाकी प्रोटीन शेक वगैरे का नाही. आपल्याकडे हवा एवढी दमट असते की घाम वाळतच नाही, नुसता गळतो, ऑक्टोबरात तर सूर्य उगवायच्या आधीच टीशर्ट पिळायला होतो. पळायच्या आधी आणि नंतर वजन करून बघा, जेवढे किलो कमी साधारण तेवढे लिटर पाणी गेलेलं असतं, आणि पाण्याबरोबर मीठ. परत आल्यावर शरीराला पाहिजे काय तर पाणी, मीठ आणि पटकन पचणारे कार्ब, आणि पेज म्हणजे ह्या तिन्ही गोष्टी एका वाडग्यात. जुलाबासाठी जे ओआरएस देतात त्याचा तांदळाच्या पिठाचा प्रकारसुद्धा असतो, तत्त्व हेच. उकड्या तांदळात अजून एक आहे, भात टरफलासकट उकडतात तेव्हा बी व्हिटॅमिन थोडं आत दाण्यात शिरतं, त्यामुळे सडल्यावर पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त शिल्लक राहतं. पळून आल्यावर घन काही घशाखाली उतरत नाही तेव्हा पेज जाते, सोबत आंब्याचं लोणचं, भाजलेला पोह्याचा पापड, कधी तळलेली सांडगी मिरची. आधी वाडगाभर पाणीच प्यायचं वरचं, मग तासाभराने नीट नाश्ता.

पावसकडच्या रस्त्याला फणसोप, गोळपचे चढ आहेत, दुसऱ्या बाजूला बसणी-काळबादेवीवरून आरे-वारेकडे गेलात तर समुद्र बघण्यात अर्धे कष्ट विसरतात पण चढ तिथेही सोडत नाहीत. पोटऱ्या भरून येतात, त्या सावरायला प्रोटीनची मदत होते, हे मला इथल्या जुन्या रनर लोकांनी सांगितलं आणि मला ते पटलंय. इथे कुळीथ येतो. १०० ग्रॅम सुक्या कुळथात २१-२२ ग्रॅम प्रोटीन, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजी मासळी जवळजवळ नाहीच, तेव्हा आपलं कोकणी प्रोटीन म्हणजे कुळीथ, अंडी आणि सुकी मासळी. सुक्या मासळीचं मीठ घाम गाळणाऱ्याला चालतं, घरात बीपीचं माणूस असेल तर त्याला नको.

कुळीथ ह्या कुकरात इतका सुंदर होतो की फक्त त्यासाठी पण मी हा ठेवला असता. रात्रभर भिजवून, पाणी चार बोटं वर, ३० मिनिटं, गॅसच्या कुकरला लागतात त्यापेक्षा जास्त, प्रेशर कमी असल्यामुळे. पाणी काढून त्याचं कळण, त्याला लसणीची फोडणी, आमसूल, आणि दाण्यांची उसळ डब्याला. अजून एक, खाली कुळीथ आणि वर स्टँड ठेवून डब्यात भात, दोन्ही एकत्र होतं, मंगळवार-गुरुवारी छोट्या रनच्या दिवशी माझा आणि नवऱ्याचा ऑफिसचा डबा हाच. तो तेवढ्यात नारळ खवून ठेवतो, ते काम त्याचं आहे, छान खवतो. आदल्या दिवशी संध्याकाळी रताळी उकडून ठेवली की पहाटे निघताना अर्धं रताळं खाऊन निघता येतं, केळ्यापेक्षा मला ते जास्त टिकतं.

काय करू नका ते पण लिहिते. डाळिंब्या अजिबात नाही. मोड काढून सोललेल्या वालाला प्रेशर दाखवलं की गिचका होतो, बिरडं कढईत झाकणावर पाणी ठेवून वाफेवरच करायचं, त्याला वीस मिनिटं द्या, त्या दाण्यासाठी एवढी मेहनत घेतलीय ना. नारळाचं वाटप घालून प्रेशर लावू नका, दाट वाटप तळाला बसतं आणि मशीन करपतंय म्हणून थांबतं, आणि नारळाचं दूध फुटतं. वाटप शेवटी, झाकण उघडून. मासळीचं तिखलं तर विसराच, बांगडा आठ-दहा मिनिटांत होतो, तिरफळं, आमसुलं, उघड्या भांड्यात, त्याला मशीन कशाला पाहिजे. ह्यातला परतण्याचा मोड पण यथातथाच, कांदा गुलाबी होतो, खरपूस होत नाही. आणि टायमरवर दूध, मटण, मासळी रात्रभर ठेवायचं कधीच नाही, आपल्या उष्ण दमट हवेत तासांवर तास कच्चं राहिलं की खराब होणार, टायमर फक्त तांदूळ आणि कडधान्यासाठी. मोड आलेलं कडधान्य पण नको, त्याला आंबूस वास धरतो.

मोठी अडचण म्हणजे लाईट. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, झाडं, वारा, लाईट जाणार हे धरूनच चालायचं. थोडा वेळ गेली तर माझा कुकर जिथे होता तिथून पुढे चालू करतो, पण जास्त वेळ गेली की टायमर पुसला जातो आणि भिजून भिजून दमून आल्यावर गार पाण्यात तांदूळ मिळतो. फार वाईट वाटतं त्या वेळी, खरंच. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर हा चालत नाही, १००० वॅटचा आहे, साध्या इन्व्हर्टरची ती ताकद नसते. त्यामुळे जून-जुलैत वाऱ्यापावसाची रात्र दिसली की टायमर लावतच नाही, रात्रीच पेज शिजवून गरम राखण्यावरही नाही ठेवत, सरळ तांदूळ भिजत घालून सकाळी गॅस. निसर्ग वादळ आलं ना ३ जून २०२० ला, दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, म्हणून सांगते, हा घेतलात तरी गॅसचा कुकर कोणाला देऊन टाकू नका, दोन्ही पाहिजेत. बिलाचं म्हणाल तर फार नाही, १००० वॅट लिहिलेलं असलं तरी प्रेशर आल्यावर हीटर मधे मधेच लागतो, एका पेजेला अर्ध्या युनिटच्या आतच जातं.

साफसफाई सोपी आहे, आतलं भांडं निघतं. झाकणाच्या कडेला वाफेचं पाणी साचतं ते रोज पुसायचं आणि समुद्राजवळ घर असेल तर खालची हीटरची प्लेट पण कोरड्या फडक्याने, खाऱ्या हवेने स्क्रूला गंज धरतो. वाफेच्या चावीत पेजेचा स्टार्च सुकून अडकतो, ती काढून धुतली नाही तर प्रेशर नीट धरत नाही, हे दर वेळी करायचं, कंटाळा नाही करायचा, सेफ्टीचा प्रश्न आहे.

घेताना बघा: आतलं भांडं स्टीलचं घ्या, नॉनस्टिक नको, डावाने पेज ढवळताना कोटिंग जातं. चारपाच माणसांना ६ लिटर, दोघांना ३ लिटर भरपूर. मला सात हजारांच्या आत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण सगळ्यांचं आत साधारण सारखंच असतं. जास्त महत्त्वाचं हे की जिथून घेताय तिथे रबराची रिंग वेगळी मिळते का ते विचारा, आणि दोन रिंगा घ्या. रबर वास धरतं, एकदा मटण झालं की दुसऱ्या दिवशी पेजेला तो वास येतो, कितीही घासा, लिंबू लावा, जात नाही. आमच्याकडे लाल रिंग मटणाची आणि पांढरी पेजेची, मुलाला पण आता पाठ आहे.