घरचा प्रोजेक्टर, पाच महिने आणि त्याचा तो पंखा

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मी जानेवारीत लिहायला घेतला होता तेव्हा त्यात नुसत्या शिव्या होत्या. मधे बरंच काही झालं, आता मार्च लागलाय, म्हणून अर्ध्या शिव्या काढल्यात आणि अर्ध्या तशाच ठेवल्यात. कंपनीचं नाव टाकत नाही. एक तर त्यांच्याशी माझं भांडण अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे दहा हजाराच्या आतले हे सगळे डबे मला एकाच मायची लेकरं वाटतात, वरचं स्टिकर तेवढं वेगळं.

स्पेक्स सांगत बसत नाही, सगळ्यांना पाठ आहेत. नेटिव्ह ७२०, म्हणजे चित्राची खरी बारकाई तेवढीच, खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात ४के, म्हणजे ४के फाईल चालू होते एवढंच, दिसते ती ७२० मधेच. २०२४ च्या दिवाळी सेलमधे ९,९९९ ला घेतला. घ्यायचं कारण विचाराल तर रील. गच्चीवर पिवळ्या लाईटची माळ, खाली गादी, एका शालीत नवरा-बायको, हातात कॉफी आणि भिंतीवर सिनेमा. असलं एक रील मी चुकून शेवटपर्यंत बघितलं आणि मग महिनाभर फोनला दुसरं काही दाखवायचंच नव्हतं. बायको म्हणली, आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि डिशची छत्री आहे, माळ कुठं लावणार. तरी घेतला.

आता मुद्द्याचं. मशीनच्या पोटातला पंखा.

ऑक्टोबरात काहीच कळलं नाही, कारण डोक्यावर छताचा पंखा पाचवर. चित्र बघून खूश, पाहुण्यांना बोलावून दाखवला, चार ग्रुपवर फोटो टाकले. नोव्हेंबर संपता संपता थंडी पडली, छताचा पंखा बंद झाला, खिडक्या लावल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा मशीनचा खरा आवाज ऐकला. घर्रर्र. मोठा नाही, पण लांब कुणाच्या तरी रानात रात्रभर मोटार चालू असावी तसा, एका सुरात, न थांबता. फोनमधे आवाज मोजायचं ॲप टाकलं. खोली शांत असताना ३४ डेसिबल, मशीन चालू केलं की ५१. मशीनखाली जुनी सतरंजी घातली, ५०. खोक्यातला थर्माकोल घातला, परत ५१. दोन रात्री मी सिनेमा बघितलाच नाही, नुसतं मशीन ऐकत बसलो. पोरगी म्हणली, बाबा तुम्ही ॲपच बघा, आम्ही पिक्चर बघतो.

हळू बोलायचा सीन आला की आवाज वाढवायचा, लगेच गाणं लागलं की भिंतीपलीकडचे काका खोकतात म्हणून कमी करायचा, असा अख्खा डिसेंबर रिमोट हातात धरून काढला. ब्लूटूथ स्पीकर लावून बघितला तर माणूस आधी तोंड हलवतो आणि शब्द मागून येतो. साध्या वायरीनं जोडला तेव्हा जुळलं. ही वायर ऐंशी रुपयाला मिळते, घ्यायचाच असेल डबा तर ती आधी घ्या.

मग मी परत ती रीलं उघडली. तीस-चाळीस तरी बघितली असतील, आणि एकातही खोलीतला खरा आवाज नाही! प्रत्येकावर वरून गाणं चिकटवलेलं. कॉफी, शाल, माळ सगळं दाखवतात पण ते घर्रर्र कुणीच ऐकवत नाही. हे मला आधी का सुचलं नाही याचा राग मशीनपेक्षा जास्त आला.

थंडीचं सांगायचं तर आमच्या लातूरला थंडी आधी व्हॉट्सअपवर पडते, मग अंगावर. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा पाऱ्याचा आकडा सकाळी फॅमिली ग्रुपवर आला की इथं आमच्या घरात स्वेटर निघतात, बाहेर बघितलंय कुणी. मधेच आभाळ आलं की रात्री उकडायला लागतं, ढगांनी जमिनीची ऊब अडवून धरलेली असते, पण ग्रुपवर कालचाच आकडा फिरतोय आणि आत्या बोटं हलत नाहीत म्हणून टाईप करतीय. एकानं तर बर्फाचा फोटो टाकून खाली 'आपलं औसा' लिहिलं, त्याला बावीस लाईक.

आईनं मात्र मशीनचा वेगळाच उपयोग शोधला. ते मागून गरम हवा फेकतं. विजेच्या हिशोबानं ऐंशी वॅटचंच आहे, खरा हीटर हजार-दोन हजार वॅटचा असतो, पण हात शेकायला पुरतं. आई पहिल्या आठवड्यातच आपली खुर्ची पडद्यासमोरून उचलून मशीनच्या मागं घेऊन गेली. तिथून चित्र अर्धंच दिसतं, आणि पंख्याचा आवाज सगळ्यात जास्त तिथंच. मी म्हणलं, आई तुला घर्रघर्र होत नाही का? तर म्हणती, "आरं, गावात गणपतीला भाड्यानं व्हिडिओ आणायचे तवा जनरेटर किती बोंबलायचं. तीन-तीन पिच्चर बघायचास रातभर, तवा नाही का कान दुखले?"

गप्प बसलो. खरंच, वर्गणी काढून आणलेला तो टीव्ही, व्हीसीआर, शाळेच्या पटांगणात पोत्यावर बसलेलं अख्खं गाव आणि पाठीमागं ते जनरेटर, त्याच्या आवाजावरून सिनेमा अजून चालू आहे हे शेतातल्या माणसाला कळायचं. त्यातला एखादा डायलॉग ऐकू आला नाही असं मला आठवत नाही. तरी पण तेव्हा मी दहा हजार दिले नव्हते.

आता वेळ अमावस्येचं, कारण सगळं तिथंच फिरलं. ३० डिसेंबर, सोमवार. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं या दिवशी शहर रिकामं होतं, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून पांडव पूजायचे, मग भज्जी, आंबील, उंडे, खाऊन तिथंच आडवं व्हायचं. एरवी दिवस मावळला की गाड्या गावाकडं वळतात, पण पुतण्याच्या डोक्यात आलं की काका प्रोजेक्टर आणा. ट्रॉलीला पांढरी चादर बांधली. आणि काय चित्र उठलं राव! डिसेंबरात सहाच्या आत दिवस बुडतो, त्यात अमावस्या म्हणजे चांदणं नाही, आसपास एक दिवा नाही. घरात भिंतीवर जे फिकट दिसायचं ते रानात असलं कडक. हे कुठल्याच रिव्ह्यूत वाचलं नव्हतं म्हणून लिहितोय, या स्वस्त मशीनला पडदा महागाचा लागत नाही, अंधार लागतो. पुढं पौर्णिमेला गच्चीवर लावला होता तर हिरोचं तोंड धुतल्यासारखं दिसत होतं. शेजारच्या रानातली पोरं आली, त्यांचे आजोबा आले, पंचवीसेक माणूस झालं. आणि पंखा? उघड्या रानात, हरभऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्यात, ऐकूच आला नाही. त्या रात्री मी याला पाच स्टार द्यायला तयार होतो.

मध्यांतराच्या आसपास फट्ट झालं. अंधार. कुणीतरी ओरडलं लाईट गेली, दुसरा म्हणला मोटार तर चालूय. अडॅप्टर गेलं होतं. आम्ही वायर मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतून, एक फेज आणि न्यूट्रल अशी घेतली होती. न्यूट्रल सैल झाला की त्या एका फेजवर भलतंच व्होल्टेज येतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे चूक माझी धरा. माझी अर्धी धरा.

पण सर्व्हिसवाल्यांनी जे केलं ते माझ्या चुकीत बसत नाही. फोनवर सांगितलं, नुसतं अडॅप्टर पाठवता येत नाही, पूर्ण मशीन मूळ खोक्यात पुण्याला पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चानं. मूळ खोक्यात आईनं कुरडया भरलेल्या. त्या डब्यात काढल्या, खोकं झाडलं, ३८० रुपये कुरिअर. बावीस दिवस! मग मशीन परत आलं, आत चिठ्ठी: मशीन व्यवस्थित आहे, अडॅप्टर वॉरंटीत येत नाही. अरे मग अडॅप्टर वॉरंटीत नाही हे पहिल्या दिवशी फोनवर सांगायला काय झालं होतं? खोक्याला कुरडयांचा वास येतो असं तेवढं लिहिलं नाही, नशीब. शेवटी आमच्या बाजारात, गंजगोलाईत, तिथून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावरच्या बोळात एक पोरगा बसतो, त्यानं मीटर लावला, जुन्यावर लिहिलेलं १९ व्होल्ट वाचलं, अँपिअर बघितले, पिन जुळवली, ४५० रुपये, दहा मिनिटं. वर चहा पाजला. तुमचं अडॅप्टर गेलं तर आधी व्होल्ट, अँपिअर आणि पिन बघा, पुण्याला नंतर.

त्या बावीस दिवसांचं खरं सांगतो, आवडलं नाही. ऐन थंडी, रात्री जेवण झालं की चौघं एकाच खोलीत रजईत आणि चौघांच्या हातात फोन. पोरीचं गाणं वेगळं, बायकोची रेसिपी वेगळी, माझी बातमी वेगळी, आईच्या फोनवर कीर्तन फुल आवाजात. गंमत म्हणून तेच ॲप काढलं, ६२. म्हणजे मशीनपेक्षा अकरा जास्त. आणि आई रोज विचारायची, "तुझी शेगडी कवा येणार?"

बाकीचं पटापट. मशीनमधलं सिनेमाचं ॲप चित्र पुसट दाखवतं, इंटरनेटचा दोष नाही, या डब्यांना वरचं लायसन्स नसतं म्हणून ॲपच कमी दर्जाचं चित्र सोडतं. फोनवरून मिरर केलं तर आवाज येतो आणि पडदा काळा. मेव्हण्याकडची पडून असलेली, टीव्हीला लावून सिनेमे बघायची स्टिक मागून आणून लावली, आता बरं आहे, त्याला अजून परत दिली नाही. थंडीत पहिली दहा-पंधरा मिनिटं फोकस हलत राहतो, भिंग गरम झालं की स्थिर होतो, तोपर्यंत जाहिराती बघा. धुई पडलेल्या रात्री गच्चीवरून थेट खोलीत आणला तर भिंगावर वाफ धरते, पुसू नका, अर्धा तास तसाच ठेवा. वाकडा ठेवून चित्र सेटिंगमधे सरळ करू नका, आधीच ७२०, त्यातलं अजून जातं. खाली पुस्तक घाला आणि मशीनच सरळ करा.

हिशोब: ९,९९९ अधिक ३८० अधिक ४५०, म्हणजे १०,८२९. आजवर ३१ सिनेमे बघितले, वहीत लिहून ठेवलेत, सिनेमामागे ३४९ रुपये पडले. चौघांनी थिएटरला जायचं म्हणलं तर पॉपकॉर्नलाच याच्यापेक्षा जास्त जातात. वहीत अर्धवट राहिलेला रानातला सिनेमा धरलेला नाही, तो कुणालाच परत बघायचा नाही, आजोबा तेवढे विचारतात शेवटी काय झालं म्हणून.

स्टार तीन. रानातल्या रात्रीमुळं साडेतीन करणार होतो, पण ती चिठ्ठी आठवली.

पुतण्यानं त्या रात्रीचं रील टाकलंय. ट्रॉली, चादर, शेकोटी, पोरं, एकदम भारी दिसतंय, आणि वरून गाणं चिकटवलेलं. खाली अकरा जणांनी लिंक मागितली. मी एकालाच उत्तर दिलं, आधी छताचा पंखा बंद करून विचार कर म्हणून. त्याला काय कळलं नाही, त्यानं अंगठा पाठवला.

परवापासून दुपारी ऊन लागायला लागलंय. काल रात्री आईनं काही न बोलता खुर्ची उचलली आणि परत पडद्यासमोर आणून ठेवली. आता म्हणती, हे लई घर्रघर्र करतंय, छताचा पंखा लाव.