ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल: अंगणात, ओळखीच्या रॅम्पवर की मशीनवर?

तेल बदलण्याच्या तीनही रस्त्यांची तुलना करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुमच्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे? क्लच पेडल नाही म्हणून सगळ्याच गाड्यांना आपण ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, पण आत चार वेगळी यंत्रं असू शकतात. मारुतीच्या एजीएस (ऑटो गिअर शिफ्ट) गाड्यांत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्यात लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, भरायचंच नसतं. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, पट्टा आणि पुली असतात. त्यांची पकड तेलावर अवलंबून असते, म्हणून तिचं तेल निराळं असतं. होंडा सिटी सीव्हीटीला एचसीएफ-२ हे होंडाचं तेल लागतं, तिथे साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात. डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, हा आणखी वेगळा प्रकार. इनोव्हा क्रिस्टा किंवा क्रेटाच्या सहा-स्पीड ऑटोमॅटिकसारखा टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद पुढे देणारा) गिअरबॉक्स असेल, तरच घरी बदलायचं की नाही हा खरा प्रश्न उभा राहतो.

तेलाची जात गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत, म्हणजे मॅन्युअलमध्ये, लिहिलेली असते. क्रिस्टाला डब्ल्यूएस, क्रेटाच्या सहा-स्पीडला एसपी-फोर. ट्रॅक्टर स्पेअर्सच्या दुकानात पॉवर स्टीअरिंगसाठी जे लाल तेल मिळतं, ते रंगाने सारखं दिसलं तरी घेऊ नका. डब्ल्यूएस पातळ असतं, जुन्या डेक्स्ट्रॉन-थ्री प्रकारचं तेल त्याच्या जागी चालत नाही. यात तडजोड करायची असेल तर पुढचं काहीच वाचू नका. तेल न बदललेलं बरं, चुकीचं भरलेलं नको.

आता हिशेब. समजा गिअरबॉक्समध्ये एकूण सात लिटर तेल आहे. खालचा ड्रेन प्लग उघडला की साधारण तीन लिटर बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं. म्हणजे एका वेळी चाळीस-पंचेचाळीस टक्केच तेल नवं होतं. मध्ये थोडी गाडी चालवून हेच तीनदा केलं, तर नऊ लिटर तेलात ऐंशी टक्क्यांच्या आसपास नवं होतं. मशीनवर कूलरच्या नळीतून जुनं काढत नवं ढकलतात. तिथे दहा-बारा लिटर लागतं आणि जवळजवळ सगळं बदलतं. तेव्हा घरी केलं म्हणून तेलाचा खर्च फारसा वाचत नाही, वाचते ती मजुरी. आणि तीनदा गाडीखाली झोपावं लागतं.

मग घरी करण्यात फायदा काय? घाई नसते, आणि तेलाच्या डब्याचं सील तुमच्या डोळ्यांसमोर तुटतं. ज्या गाडीचं तेल वेळच्या वेळी बदललं आहे, तिला एकदाच काढून भरणं पुरेसं होतं. हौशी माणसाला ते जमण्यासारखं आहे. साधनंही जुगाडाने उभी राहतात. जुनं तेल धरायला कापलेला पाच लिटरचा कॅन. मोजायला एक लिटरच्या पाण्याच्या कोरड्या बाटल्या: जेवढं निघालं तेवढंच भरायचं, पण दोन्ही तेलं सारख्याच तापमानाला असताना मोजायची. भरायला गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणि नरसाळं. बोनेटमधून नळी खाली फिलरपर्यंत सोडली की तेल आपसूक उतरतं, आणि कुठे हवा अडकली तेही दिसतं. ड्रिपची लॅटरल आपल्याकडे घरोघरी पडलेली असते, पण ती काळी आणि आतून मातकट, ती नको. फवारणीचा पंप तर कितीही धुतलेला असला तरी नको. त्यात औषधाचा अंश आणि पाण्याचे थेंब राहतात. एटीएफमध्ये पाणी गेलं की क्लच प्लेटचं अस्तर सुटायला लागतं. गाडी समतल आहे का हे बघायला लेव्हलच्या नळीत पाणी भरणार असाल, तर तेलासाठी दुसरा कोरा तुकडा कापा.

पुसायला कॉटन वेस्टही नको. त्याचे धागे व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकतात. चैत्र-वैशाखात वारा सुटला की काळ्या मातीची धूळ उडते, त्या दिवशी उघड्या अंगणात हे काम काढू नका.

दोन बाबतींत मात्र जुगाड चालणारच नाही. पहिली म्हणजे आधार. विटा, दगड किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही. जॅक स्टँड हवेत आणि तेही चारही चाकांना, कारण गाडी पुढून उचललेली असेल तर तेलाची पातळी खोटी दिसते. दुसरी म्हणजे प्लगचा कस. खोका ॲल्युमिनियमचा असतो, लांब पान्याने दम लावून आवळलं की आटे जातात. टॉर्क पाना आणि नवा वॉशर घ्या. तेल काढण्याचा प्लग खोलण्याआधी भरण्याचा प्लग खुलतोय ना ते बघा. खालून सगळं तेल काढलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलत नाही.

आता मुद्द्याचा भाग. तेल काढणं सोपं आहे, पातळी लावणं अवघड. जुन्या चार-स्पीड गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची खुणांची पट्टी) असते. तिथे इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवून, मॅन्युअलप्रमाणे खूण बघितली की झालं. नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते, पातळीचा एक प्लग असतो. इंजिन चालू असताना, तेल ठरावीक तापमानाला आलं की तो उघडायचा. धार बारीक होऊन थेंब पडू लागले की बंद करायचा. हे तापमान गाडीगणिक वेगळं असतं: कुठे 35 ते 45 अंश, कुठे 50 ते 60. तेल तापलं की फुगतं. जास्त गरम असताना प्लग उघडला तर गरजेपेक्षा जास्त तेल वाहून जातं. मग पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरून जळतात. जास्त भरलं तर फेस होतो.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला दुपारी सावलीतलंच तापमान 45 च्या आसपास असतं. ज्या गाडीची मर्यादा 35 ते 45 आहे, तिचं तेल इंजिन सुरू करण्याआधीच मर्यादेच्या टोकाला गेलेलं असतं. म्हणून आपल्या भागात हे काम थंडीत करा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर रात्रभर उभी राहिलेली गाडी पहाटे घ्या. तापमानासाठी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र) सगळ्यात चांगला, पण स्वस्तातला डोंगल प्रत्येक गाडीत गिअरबॉक्सचं तापमान दाखवतोच असं नाही. इन्फ्रारेड गन चकचकीत धातूवर चुकीचा आकडा देते. चेंबरवर (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्यावर) काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजा.

एवढं वाचून मन कचरत असेल, तर मधला रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: तेल आणि वॉशर स्वतः आणायचं आणि तालुक्याच्या गावच्या ओळखीच्या गॅरेजचा रॅम्प सकाळच्या पहिल्या तासासाठी मागायचा. गाडी समतल उभी राहते, खाली झोपावं लागत नाही, आणि चेंबर खोललं तर त्यातल्या चुंबकावर काय जमलंय ते मिस्त्रीच्या अनुभवी डोळ्यांना दिसतं. राखाडी मळीसारखा लेप नेहमीचा असतो. टोचतील असे धातूचे तुकडे निघाले, तर नवं तेल ओतून काही होणार नाही. डिपस्टिक नसलेल्या बहुतेक गाड्यांना मी हाच मार्ग सुचवीन. फक्त “भाऊ, कोणतंही तेल चालतं” म्हणणारा मिस्त्री असेल, तर दुसरा शोधा.

मशीन किंवा अधिकृत सेवा केंद्र केव्हा? गाडी वॉरंटीत असेल तेव्हा विचार न करता, आणि वेट-क्लच (तेलात बुडालेल्या क्लचची) डीसीटी असेल तेव्हाही. सीव्हीटीचं तेल रॅम्पवर काढून भरता येतं, पण वॉरंटीनंतर आणि नेमकं तेच तेल हाती असेल तर. चाळीसगावचा औट्रम घाट किंवा सेंधव्याकडचा बिजासन घाट भरल्या गाडीने सतत चढत असाल, तर ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ या वाक्यावर विसंबू नका. उष्णता आणि चढ दोन्ही तेलाला लवकर थकवतात. मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळं वेळापत्रक असेल तर तेच आपलं समजा. मात्र लाखभर किलोमीटर तेल कधीच बदललेलं नसेल, तर मी एकदम मशीन लावणार नाही, टप्प्याटप्प्याने काढून भरेन. गिअर आधीपासून घसरत असेल आणि तेलाला करपट वास असेल, तर आधी नाशिक किंवा संभाजीनगरला गिअरबॉक्सचं काम करणाऱ्याला दाखवा. तो लांबचा फेरा वाया जात नाही. गाडी जास्तच घसरत असेल तर ती टो करून न्या.

घरी काढलेलं जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. बांधावर किंवा विहिरीच्या बाजूला ओतलं तर ते जमिनीतून पाण्यात उतरतं.